बुधवारचे कोंबडे

माझी नोकरी झाली अंधेरीला, एका विमा कंपनीत, मोटार अपघातांच्या दाव्यांच्या टेबलावर. लोक आपापल्या नुकसानीच्या कहाण्या घेऊन यायचे आणि त्यातलं खोटं नेमकं कुठे बसलंय ते मी शोधायचं. एकच प्रश्न तीन जणांना वेगवेगळा विचारायचा, फोटो उलटा धरून बघायचा, फार रडणाऱ्यावर आणि अजिबात न रडणाऱ्यावर सारखंच लक्ष ठेवायचं. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसने शाल दिली, श्रीफळ दिलं, पण ही सवय काही परत मागून घेतली नाही. दूधवाला एखाद्या दिवशी जास्त हसला की मला वाटतं, आज पाणी जास्त घातलंय. नवरा म्हणतो, तुझ्यापुढे देव उभा राहिला तरी तू त्याचं आधार कार्ड मागशील. मागेन. त्यात काय चुकलं?

आमची वसाहत दिंडोशीच्या टेकडीखाली आहे. घरांच्या चार रांगा, बहुतेकांनी आता वर एकेक मजला चढवलेला. माझ्या सासऱ्यांसारखी गिरणीतली मालवणी माणसं, गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबाग सोडून इथे आली आणि जागा मिळेल तशी राहिली. शेवटच्या रांगेमागे भिंत आणि भिंतीपलीकडे जंगल. मी घाटकोपरच्या एका सोसायटीतून, सगळे ऑफिसात जाणाऱ्या घरातून, लग्न होऊन इथे आले तेव्हा मला पहिल्याच आठवड्यात सांगण्यात आलं की अंधार पडल्यावर शेवटच्या रांगेकडे जायचं नाही, तिकडे वाघ येतो. बिबट्याला म्हातारी माणसं वाघच म्हणायची. तो महिन्या-दोन महिन्यांनी एखादं कुत्रं न्यायचा. त्याला बघायला कोणी जात नसे आणि तो दिसला तर कोणी फुशारकीने सांगत नसे.

त्यामुळे शेवटच्या रांगेची किंमत सगळ्यांत कमी होती. तिथे कोणी सुखासुखी मुलगी द्यायचं नाही. आमचं घर पहिल्या रांगेत, रस्त्याला लागून, म्हणून आमची जरा ऐट होती. शेवटच्या रांगेच्या अगदी टोकाला माझी धाकटी जाऊ राहायची, म्हणजे नवऱ्याच्या चुलतभावाची बायको. तो भाऊ लवकर गेला. एक मुलगी मागे ठेवून गेला. जावेने इतकी वर्षं कधी कोणाच्या घरी पोळ्या लाटल्या, कधी शाळेच्या कँटीनमध्ये काम केलं. मी तिला जुन्या साड्या द्यायची आणि ती घ्यायची. आमचं नातं तेवढ्यावर छान चाललं होतं.

चारेक वर्षांपूर्वी हे उलटंपालटं झालं. आधी दोन मुलं मोठाले कॅमेरे घेऊन आली आणि जावेच्या गच्चीवर बसू का विचारलं. समोरच भिंत, भिंतीपलीकडे ओढ्याकडे जाणारी उघडी पायवाट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना बिबट्या दिसला. त्यांनी काढलेला फोटो कुठे कुठे गेला देव जाणे, पण मग पवईतून, वांद्र्यातून, पुण्याहून माणसं यायला लागली. काही परदेशीसुद्धा. मातकट रंगाचे कपडे घालून ती चार वाजता यायची, साडेसात-आठपर्यंत बसायची, आपसांत कुजबुजत बोलायची. आमच्या वसाहतीत कुजबुजत बोलणारी माणसं पहिल्यांदाच आली होती, मला तर तेच संशयास्पद वाटलं.

पैसा आला तो असा, कुजबुजतच. जावेने गच्चीवर ताडपत्री बांधली, खुर्च्या आणल्या. मग पाहुण्यांना भूक लागते हे तिच्या लक्षात आलं आणि ती आंबोळ्या, उसळ, रविवारी वडे-सागोती आणि सोलकढी द्यायला लागली. तिच्या हाताला चव आहे, ते मला मान्य करावंच लागेल. वसाहतीतल्या दोन मुलांनी मॉलमधली सिक्युरिटीची नोकरी सोडली आणि ती गाईड झाली, गळ्यात दुर्बीण अडकवून फिरायला लागली. नाक्यावरच्या चहावाल्याने ब्लॅक कॉफी सुरू केली. रिक्षावाल्यांना आमची वसाहत पत्ता न सांगता कळू लागली. शेवटच्या रांगेतल्या खोल्यांची भाडी पहिल्या रांगेच्या वर गेली. ज्या खोलीला कोणी विचारत नव्हतं तिच्या गच्चीवर आता चार घरांनी डोळा ठेवलेला.

आमची गच्ची रस्त्याकडे. तिथून दिसतात बसचे टप आणि केळीवाल्याची गाडी. कोणी ते बघायला पैसे देत नाही.

मला मत्सर वाटला, हे लिहून टाकते. जावेची मुलगी नर्सिंगला गेली, चांगल्या खाजगी कॉलेजात. जावेने ते मला जिन्यात उभ्या उभ्या सांगितलं, सहज, जणू काही विशेष नाही. दुसऱ्या महिन्यात मी दोन साड्या काढून ठेवल्या होत्या त्या न्यायला ती आलीच नाही. मला राग साड्यांचा नव्हता. तिला माझी गरज उरली नाही याचा होता.

आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली होती. पूर्वी कोणाकडे फ्रिज आला की अख्खी रांग बघायला जायची, त्या घरची बाई बर्फ करून वाटायची. आता टीव्ही आला तरी चादरीत गुंडाळून यायचा. कोणी किती मिळवतं ते कोणी बोलेना. चहावाला म्हणायचा धंदा थंड आहे, गाईड म्हणायचे पाहुणे कमी झालेत, आणि सगळ्यांच्या दारावर नवा रंग. कुठेतरी पाणी मुरत होतं. माणसं लपवायला लागली की माझे कान टवकारतात, मग ती काय लपवतात हा पुढचा प्रश्न.

गेल्या वर्षी, थंडी सरता सरता, बिबट्या दिवसाउजेडी भिंतीच्या अलीकडे आला. संध्याकाळचे साडेपाच वाजले असतील. नळावर बायका होत्या. तो भिंतीवरून उतरला, रांगेच्या टोकाच्या उंबराखाली गेला, काहीतरी हुंगलं आणि उडी मारून परत गेला. कोणाला ओरखडा आला नाही. पाहुण्यांना तर आनंदाचं भरतं आलं. पण नळावरच्या बायका दोन दिवस पाण्याला गेल्या नाहीत, आणि चाळिशीतल्या एका बाईने सरळ म्हटलं की हा असा येत नव्हता, याला कोणीतरी खायला घालतंय.

ते वाक्य मी उचललं. येत नव्हता हे खरंच होतं. तो महिन्याकाठी यायचा, आता आठवड्यातून दोनदा-तीनदा. पाहुण्यांना दिसलाच पाहिजे, नाहीतर ते येणार नाहीत. मग तो दिसावा म्हणून कोण काय करेल? ज्याचं पोट त्याच्यावर चालतं तो. आणि कोणाचं पोट सगळ्यांत जास्त त्याच्यावर चालत होतं, ते सांगायला विमा कंपनीतली माणसं लागत नाहीत.

आता इथे राखणीबद्दल सांगायला हवं. टोकाच्या उंबराखाली एक काळा दगड आहे. आमच्या माणसांच्या लेखी तो त्या जागेचा राखणदार. गावाकडे प्रत्येक वाडीला असतो तसा यांनी इथे आल्याबरोबर मानून घेतला. वर्षातून एकदा, शिमग्याच्या आधी, वसाहतीतले पुरुष तिथे जमतात, एक म्हातारा गाऱ्हाणं घालतो, बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणतात, नारळ ठेवतात, विडी ठेवतात, दारूचे चार थेंब सांडतात आणि गावठी कोंबडा कापतात. डोकं आणि पाय दगडापाशी ठेवायचे, बाकीचा मोठ्या टोपात शिजतो आणि वसाहतीतल्या प्रत्येक घरी वाटी जाते. बायकांनी त्या दगडाकडे जायचं नाही. मी इतकी वर्षं ती वाटी खाल्ली, दगड मात्र लांबून पाहिला होता. घाटकोपरच्या आमच्या घरात असलं काही नव्हतं, आणि मला त्याची फारशी उत्सुकताही नव्हती.

त्याच आठवड्यातल्या बुधवारी, पाहुणे यायच्या आधी, भर दुपारी तीन वाजता, मी उंबराखाली गेले. बायकांनी जायचं नाही वगैरे मी मनातल्या मनात बाजूला ठेवलं, तपासणीला असं सोवळं चालत नाही. तिथे पिसं होती. एका कोंबड्याची नव्हे, पुष्कळांची, काळी, तांबडी, जुनी मातीत रुतलेली आणि नवी वाऱ्याने हलणारी. एका कोंबड्याचा अर्धा सांगाडा पडला होता, बाकीचा ओढत भिंतीकडे नेल्याची खूण. म्हणजे डोकं आणि पाय नव्हे, अख्खेच्या अख्खे कोंबडे. बाजूला गुलाबी पिशवी, नाक्यावरच्या चिकनवाल्याची. तशाच पिशव्या जावेच्या स्वयंपाकघराच्या खिळ्याला मी डझनाने लटकलेल्या पाहिल्या होत्या. मी मोबाइलवर फोटो काढले, चारही बाजूंनी, ऑफिसात शिकवलं होतं तसे.

फोटोत आणखीही काही होतं. दगडापाशी फुटलेल्या नारळाच्या करवंट्या होत्या आणि ओल्या विड्या होत्या, बऱ्याच. त्या मला दिसल्या. त्या मागच्या राखणीच्या असतील असं म्हणून मी पुढे गेले. बिबट्याला आमिष टाकणारी बाई सोबत विडी कशाला ठेवेल, हा प्रश्न एखाद्या शिकाऊ पोरीनेही विचारला असता. मी विचारला नाही. मला उत्तर आधीच मिळालेलं होतं.

तरी मी पुरावा पक्का करायला चिकनवाल्याकडे गेले. विचारलं, आमच्या वसाहतीतून गावठी कोंबडे माझी जाऊ किती नेते? तो म्हणाला आठवड्याला सात-आठ, कधी जास्त. ती दहा-बारा माणसांना जेवू घालत होती, तेवढे लागणारच, पण मला तो आकडा भरपूर वाटला. तो पुढे काहीतरी सांगत होता, की आजकाल तुमच्याकडे गावठीला मागणी फार वाढली आहे. मी पाठ फिरवली होती.

रविवारी वसाहतीच्या मंडळाच्या खोलीत मीटिंग झाली. एरवी मीटिंगला गणपतीची वर्गणी आणि गटार हे दोन विषय असतात. मी उभी राहिले आणि माझे फोटो सगळ्यांना दाखवले. मी जावेचं नाव घेतलं नाही. फक्त म्हटलं, ज्यांच्या घरी अशा पिशव्या येतात, ज्यांच्या गच्चीवरून नेमकी हीच जागा दिसते, ज्यांना बिबट्या रोज दिसण्याची गरज आहे, त्यांनी सांगावं. मग सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. नाव घेण्यापेक्षा हे वाईट असतं, आणि ते मला माहीत होतं.

ती दाराजवळ उभी होती. हातात पीठ लागलेलं तसंच. ती एवढंच म्हणाली, “मी नाय टाकत.” आणि मग माझ्या मागे, पुरुष बसले होते तिकडे, बघितलं. बराच वेळ. मला वाटलं, कोणीतरी आपली बाजू घेईल म्हणून बघतेय. कोणी घेतली नाही. एकाही पुरुषाने तोंड उघडलं नाही, माझ्या नवऱ्यानेही नाही. मी मनात म्हटलं, बघा, सगळ्यांना पटलं.

पुढचं भराभर झालं. सेक्रेटरीने वनखात्याला पत्र दिलं. त्यांची माणसं आली, फार सभ्यपणे बोलली, वन्यप्राण्याला आमिष घालणं गुन्हा आहे हे समजावून सांगितलं, बोर्ड लावला, उंबराखालची जागा साफ करून घेतली आणि रोज संध्याकाळी फेरी मारायला लागली. गच्चीवर पाहुणे बसवायचे नाहीत असा मंडळाने ठराव केला. महिनाभरात रिक्षा थांबायच्या बंद झाल्या. चहावाल्याने ब्लॅक कॉफीचा कागद फाडला. दोन्ही गाईड पुन्हा सिक्युरिटीत गेले, दुर्बिणी कोणाला विकल्या कळलं नाही. शेवटच्या रांगेतल्या दोन भाडेकरूंनी खोल्या सोडल्या. जावेच्या गच्चीवरची ताडपत्री पहिल्या वाऱ्यात एका बाजूने सुटली आणि तशीच फडफडत राहिली.

जावेने घाटकोपरला एका केटररच्या किचनमध्ये काम धरलं. सकाळी साडेपाचच्या बसने जायची. मुलीची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी भरायची होती, ती भरली गेली नाही. ती मुलगी आता मालाडला कपड्यांच्या दुकानात उभी असते. मी हे ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं, पण चोरी पकडणाऱ्याला वाटतं तेवढंच. नवऱ्याला म्हटलं, काम चुकीचं होतं, त्याला आपण काय करणार? तो बशीतला चहा पीत होता. त्याने बशी पुन्हा भरली. त्या दिवसांत तो एकूणच कमी बोलत होता, बुधवारचं भजनही त्याने सोडलं होतं. मला वाटलं, आवाज बसला असेल.

मग एका शनिवारी मी चिकनवाल्याकडे अर्धा किलो घ्यायला गेले. तो सुरी धुता धुता म्हणाला, “साहब की तबियत ठीक नहीं क्या? कितने बुधवार हो गए, मुर्गा लेने आए ही नहीं.”

मी विचारलं, कोणता मुर्गा? तो हसला. दर बुधवारी एक गावठी, अख्खा, न कापता पाय बांधून पिशवीत न्यायचे म्हणाला. आणि एकटे तुमचे साहेबच नव्हेत, तुमच्या वसाहतीतले सात-आठ जण, कोणी मंगळवारी, कोणी शुक्रवारी. तेच तर मी तुम्हाला त्या दिवशी सांगत होतो.

आमच्या घरी बुधवारी कधी कोंबडा शिजला नव्हता.

मी चिकन तिथेच विसरून घरी आले. नवरा पलंगावर बसून पायाला तेल चोळत होता. मी ऑफिसातल्या पद्धतीने सुरुवात केली, म्हणजे माहीत नसल्यासारखी. बुधवारचं भजन कशामुळे सोडलं? त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तेलाची बाटली खाली ठेवली. माझा चेहरा त्याला तीस वर्षांपासून वाचता येतो. त्याने लगेच सगळं सांगितलं.

बिबट्या वारंवार दिसायला लागल्यावर त्याला माझ्या जिवाची भीती वाटायला लागली होती. मी पहाटे उजाडताना टेकडीच्या रस्त्याने एकटी फिरायला जाते, निवृत्त झाल्यापासून, कोणाचं न ऐकता. म्हणून त्याने राखणदाराला दर बुधवारी एका कोंबड्याचा नवस बोलला. घरी सांगितलं असतं तर मी हसले असते, शिजवायला घरी आणला असता तर विचारलं असतं, म्हणून अख्खाच दगडापाशी ठेवायचा. भजनाच्या नावाखाली जायचा.

“तू सकाळची एकटी फिराक जातंस ना,” तो म्हणाला, “म्हणान.”

आणि बाकीचे? बाकीच्यांची कारणं वेगळी होती. गाईड झालेल्या मुलांच्या बापांनी धंदा लागला म्हणून बोललेले. चहावाल्याने कॉफी चालली म्हणून. शेवटच्या रांगेतल्या घरमालकांनी भाडी टिकावीत म्हणून. राखण सगळ्यांनी मिळून उघड द्यायची असते, वाटी घरोघर जाते, म्हणून तर फक्त डोकं आणि पाय मागे राहतात. पण उघड दिली असती तर इतकं कसलं मिळालं म्हणून लोकांनी विचारलं असतं. म्हणून जो तो चोरून, जो तो आपला वार धरून, आणि जो तो अख्खा कोंबडा ठेवून. नवऱ्याने सांगितलं की कधी कधी दोघं एकाच वेळी तिथे पोचायचे, हातात पिशव्या, आणि एक म्हणायचा लघवीला आलो होतो, दुसराही म्हणायचा मीही. मग दोघं कोंबडे पाठीमागे धरून उभे राहायचे.

मला हसू आलं. खरंच आलं, आणि मग मी हिशोब मांडला. बिबट्यापासून बायको वाचावी म्हणून माझा नवरा दर बुधवारी बिबट्याला बोलावत होता. बिबट्या येत होता म्हणून पाहुणे येत होते, पाहुणे येत होते म्हणून आणखी कोंबडे पडत होते. कोणीच आमिष टाकत नव्हतं आणि सगळी वसाहत टाकत होती. फक्त एक घर सोडून. त्या दगडाकडे बायका जात नाहीत, आणि जावेच्या घरात पुरुष नव्हता. तिच्याकडून राखण द्यायला कोणी नव्हतंच. हे मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं.

मी विचारलं, मीटिंगमध्ये गप्प का बसलास? अहो-जाहो मी त्या दिवशी केलं नाही. तो म्हणाला, सगळेच गप्प होते. आणि पुढे म्हणाला की फोटो तू दाखवत होतीस, इतकी ठाम होतीस, तुला चार माणसांत खोटं कसं पाडू?

रात्रभर मी त्याच्यावर रागावलेली होते आणि पहाटे माझ्या लक्षात आलं की हा राग मला परवडणारा नाही.

पुढच्या मीटिंगला मी नवऱ्याला घेऊन गेले. जावेला वेळ नव्हता, ती कामावर होती. मी उभी राहून सांगितलं की मागच्या वेळी मी चुकीचा संशय घेतला, कोंबडे जावेने टाकलेले नव्हते, त्यातले दर बुधवारचे आमच्या घरचे होते. नवऱ्यानेही मान हलवली, होय म्हणाला. मी बाकीच्यांकडे पाहिलं. मला खात्री होती की आता एकेक जण उठेल. चहावाला पंख्याकडे बघत होता. गाईडच्या बापाने मोबाइल काढला. सेक्रेटरी घसा साफ करून म्हणाला की झालं ते झालं, आता पुन्हा वनखात्याकडे काही नेलं तर सगळ्यांनाच त्रास, विषय इथे संपवू. मी हट्ट धरला की इतिवृत्तात लिहा. लिहितो म्हणाला. मी तिथेच बसून राहिले आणि त्याचं लिहून झाल्यावर वही ओढून वाचली. ‘मागील विषयावर चर्चा झाली’ एवढंच लिहिलं होतं.

मी पेन घेऊन खाली स्वतः लिहिलं, जावेचं नाव घालून, तिचा काही दोष नव्हता म्हणून. सही केली, नवऱ्याची घेतली. सेक्रेटरीने वही मिटली. ती वही कोण वाचतं?

दुसऱ्या दिवशी पहाटे मी फिरायला न जाता शेवटच्या रांगेत गेले. ती निघण्याच्या तयारीत होती, डबा पिशवीत घालत होती. मुलगी अजून झोपलेली. मी दारातच सगळं सांगितलं, नवऱ्याचं, कोंबड्यांचं, बाकीच्यांचं, मीटिंगचं. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला हाकलेल. मी दोन्हीची तयारी करून गेले होते. ती डब्याचं झाकण घट्ट करत राहिली.

“भावजींना मी बघितलं होतं गो,” ती म्हणाली. “आमच्या खिडकीतनं दिसतं ना. भावजी, चायवाला, सगळेच.”

म्हणजे तिला त्याच दिवशी माहीत होतं. ती मीटिंगमध्ये माझ्या मागे बघत उभी होती ती कोणी वाचवेल म्हणून नाही. ती एकेका चेहऱ्याकडे बघत होती, कोण उठतो ते. मी तिला विचारलं, मग बोलली का नाहीस? एक वाक्य बोलायचं होतंस.

तिने पिशवी खांद्याला लावली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता, मी शोधला.

“बोलले असते,” ती म्हणाली, “तर तू मानलं असतंस काय, वयनी?”

माझ्यापुढे तो मीटिंगचा दिवस उभा राहिला. पीठ लागलेले हात, आणि ती म्हणतेय की कोंबडे तुझा नवरा टाकतो. मी काय केलं असतं ते मला स्वच्छ दिसलं. मी हसले असते. मग तिला तारीख विचारली असती, वेळ विचारली असती, खिडकीतून उंबर किती फुटांवर आहे ते विचारलं असतं, आणि शेवटी सगळ्यांना सांगितलं असतं की बघा, सापडल्यावर माणूस दुसऱ्याचं नाव कसं घेतो. अठ्ठावीस वर्षं मी हेच केलं होतं आणि त्यात चांगली होते.

“नसतं मानलं,” मी म्हटलं.

तिने मान हलवली. मग मला जरा बाजूला हो म्हणाली, दार ओढून घेतलं, मुलीला आतून खिटी घालायला हाक मारली आणि बस चुकेल म्हणून पुढे निघाली. मी बंद दारापुढे तशीच उभी राहिले. आतून खिटी सरकल्याचा आवाज आला.